टॉसनंतरचा गोल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सूक वाकिफच्या बाजारात केशर घेत होतो. "भावजी, लगेच या… हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत शिरीषदादा गेला होता. माझा सख्खा मोठा भाऊ; नाशिकहून मला इथे आखातात आणणारा तोच. दीड महिना झाला. त्याच्याबद्दल लिहायला बसलं की चांगल्या कितीतरी गोष्टी मागे राहतात आणि ती एक मॅच समोर येते…

दादा आमच्या मराठी टीमचा कॅप्टन. त्या फायनलला अंपायर होते रत्नागिरीचे इक्बालभाई. लग्नाआधी दोघं एका खोलीत राहिलेले. दादाला कावीळ झाली तेव्हा इक्बालभाईंनीच त्याला पथ्याचा मऊ भात करून घातला होता. शेवटच्या ओव्हरला त्यांनी आमचं एलबीडब्ल्यूचं अपील फेटाळलं. बॉल लेगस्टंपबाहेर चालला होता. मी विकेटकीपर, मी अपीलसुद्धा केलं नव्हतं. दादा मिडऑफवरून धावत आला, त्यांची हॅट उडवली आणि त्यांच्या धर्मावरून बोलला. ते शब्द इथे लिहिणार नाही. बाउंड्रीवर आमच्या बायका-मुलं बसली होती. इक्बालभाईंनी हॅट उचलून झटकली. "कॅप्टन, दोन बॉल बाकी आहेत," म्हणाले.

मॅच आम्ही जिंकलो. कप घ्यायला दादा गेला नाही. गाडीत मागच्या सीटवरून त्याच्या मुलीनं विचारलं, "बाबा, व्हाय डिड यू से दॅट?" दादानं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला, मी सोबत होतो. इक्बालभाईंनी चहा दिला. "खलास, झालं ते झालं." पण त्यानंतर ते कधी दादाकडे जेवायला आले नाहीत. अंपायरिंग सोडलं, पुढे नोकरीसाठी लांब उत्तरेला अल रुवैसला गेले. दादानं बॅट ठेवून दिली आणि स्वतः अंपायर झाला. प्रत्येक टॉसनंतर दोन्ही टीमना गोल उभं करून, आपण इक्बालभाईंना काय बोललो ते शब्दशः सांगायचा. "अंपायरशी भांडताना माणूस कुठवर घसरतो ते बघा." सगळे खाली बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी दादाचा अभिमानही वाटायचा.

दादा गेल्यावर इक्बालभाई आले, वहिनीजवळ बसून रडले. निघताना लिफ्टपाशी मी म्हणालो, "भाई, दादानं स्वतःला कधीच माफ केलं नाही."

"ठाऊक आहे. दर शुक्रवारी कुणीतरी फोन करून सांगायचं, आज पण शिरीष बोलला… मग मला ते सगळं पुन्हा ऐकू यायचं. वाटायचं, सांगावं त्याला, बस कर आता. पण एवढ्या मनापासून करत होता तो…"

लिफ्ट आली. मला मान वर करता येईना.

गेल्या शुक्रवारी अंपायर म्हणून मी उभा राहिलो. टॉस झाला आणि सवयीनं दोन्ही टीम गोल करून थांबल्या, माझ्याकडे बघत. मधे दादाची जागा तेवढी मोकळी… मी बॉलरच्या हातात बॉल दिला.

"यल्ला, खेळा."