गॅस छताशी असतो

बायको गेल्यावर मी चंद्रपूरहून मुलाकडे गुरुग्रामला आलो. सून चांगली आहे, पण शेगडी पेटवू देत नव्हती. "बाबा, तुम्ही बटण बंद करायला विसराल." कोळशाच्या खाणीत गॅस मोजण्यात माझा जन्म गेला, आणि चहा मात्र मागून प्यायचा.

खाणीत पाळी सुरू व्हायच्या आधी मी जाळीच्या सुरक्षा-दिव्याची वात बारीक करायचो आणि दिवा हळूहळू छताशी न्यायचो. मिथेन हलका, वर जाऊन बसतो. ज्योतीवर निळी टोपी दिसली की गॅस आहे, माणसं आत सोडायची नाहीत. घरी आलो की बायको आधी विचारायची, "आज निळं दिसलं का?" नाही म्हटलं की चहा ठेवायची. छताला जळमटं झाली की म्हणायची, "तुमची नजर वरच असते, तुम्हीच काढा."

गेल्या आठवड्यात एक माणूस गॅसचा अलार्म लावायला आला आणि ओट्याखाली, फरशीजवळ बसवू लागला.

"ऊपर लगाओ," मी म्हटलं.

तो हसला. "अंकल, गॅस नीचे बैठती है."

"सिलिंडरवाली बैठती है बेटा. ये पाइपवाली है, हमारी खदानवाली. ऊपर जाती है."

त्यानं ऑफिसला फोन लावला, ऐकलं, कान खाजवला आणि स्टूल मागितलं.

सून बघत होती. संध्याकाळी तिनं लायटर माझ्या हातात दिला. "बाबा, माझाही कपभर ठेवा."

चहा झाल्यावर बटण बंद केलं, दोनदा पाहिलं. मग बायकोच्या फोटोला सांगितलं, आज निळं दिसलं, पण शेगडीवरच.