पाणी कुणाच्या घरात जाणार

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलंच असेल, की आजीचं सध्या डोकं फिरलंय. फिरलंच आहे. कशाने फिरलं ते मी क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही फोनवरच्या अर्ध्या गोष्टी ऐकून माझ्याबद्दल मत बनवणार नाही.

आपलं घर तुम्ही पाहिलंय, पण तेव्हाचा रस्ता जुना होता. फाटकातून बाहेर पडलं की दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचो. तुमच्यातला धाकटा त्या पायऱ्यांवरून उड्या मारायचा. आता रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात यावं लागतं. घर खचलेलं नाही. घर होतं तिथेच आहे. रस्ता वर आला.

तो जुना रस्ता काही फार चांगला होता असं मी म्हणणार नाही. डांबर दर पावसाळ्यात उखडायचं, स्कूटर घसरायच्या. पण दोन्ही बाजूंना मातीची पट्टी होती, त्यात कडुलिंब होते, आणि नालीपर्यंत जायच्या आधी निम्मं पाणी ती माती पिऊन टाकायची. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. जी गोष्ट आपोआप होते तिचे कुणी आभार मानत नाही.

मग सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. गल्लीत मांडव पडला, फ्लेक्स लागले, नारळ फुटला. ज्येष्ठ नागरिक म्हणून तुमच्या आजोबांच्या गळ्यात हार घातला, तो त्यांनी वाळेपर्यंत दिवाणखान्यात खिळ्याला अडकवून ठेवला होता. कंत्राटदाराच्या तरुण इंजिनियरला मी विचारलं, "आधी जुना रस्ता खोदणार ना?"

"मॅडम, गरजच नाही. खालचा बेस एकदम मजबूत आहे. त्यावरच टाकू."

"मग रस्ता उंच नाही का होणार?"

"थोडासा."

तो हसला. तुमचे आजोबाही हसले. म्हणाले, "हिला शाळेत जन्मभर पोरांच्या वह्या तपासायची सवय. कुठे लाल शाई मारता येते का बघते."

मोठमोठी यंत्रं आली आणि जुन्या रस्त्याच्या डोक्यावर नवा रस्ता बसवून गेली. भर उन्हाळ्यात तो कोरडा पडू नये म्हणून त्यावर पाण्याचे टँकर रिकामे होत होते, आणि त्याच दिवसांत आमच्या नळाला करंगळीएवढी धार. सिमेंट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ओतलं. मातीची पट्टी गेली. कडुलिंबांच्या बुंध्यांना सिमेंटने असं आवळलं, की गळ्याला शर्टाचं शेवटचं बटण लावल्यासारखी ती झाडं दिसत होती. आमच्या फाटकाजवळचा कडुलिंब त्याच वर्षी एका बाजूने वाळला. पण रस्ता गुळगुळीत होता, त्यावर लोक सकाळी फिरायला लागले, फोटो काढायला लागले. मी काही बोलले की सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत, जशी मी लग्नाच्या पंगतीत मीठ कमी आहे म्हणून ओरडते आहे.

उन्हाळ्यात कळलं की हा रस्ता दिवसभरचं ऊन पोटात ठेवतो आणि दिवेलागणीनंतर आमच्या घरांत सोडतो. वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या तरी कूलर कोमट, दमट वारा फेकायला लागला. समोरच्या वकीलसाहेबांनी सगळ्या खोल्यांना एसी लावले. त्यांचा गारवा त्यांच्या घरात, आणि त्यांची गरम हवा आमच्या गल्लीत. हेही मी सोसलं. राग आला, पण सोसलं. नागपूरची माणसं ऊन सोसायला जन्मतःच शिकतात.

पाणी मात्र मला सोसवलं नाही.

महालक्ष्म्या तुम्ही फक्त फोटोत पाहिल्या आहेत. भाद्रपदात आपल्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी उभ्या करतात, साड्या नेसवून, मुखवटे बसवून. फाटकापासून दिवाणखान्यापर्यंत रांगोळीची पावलं काढतात आणि त्या पावलांवरून त्यांना घरात आणतात. एकदा उभ्या केल्या की तिसऱ्या दिवशी निरोप देईपर्यंत त्यांना जागेवरून हलवत नाहीत. माझ्या सासूबाईंनी हलवल्या नाहीत, मी हलवल्या नाहीत. इंग्रजी शिकलेल्या बाईने असल्या गोष्टी पाळाव्यात का, हा वाद तुमच्या बाबाने माझ्याशी घालून झालेला आहे. तो हरलेला आहे.

गेल्या वर्षी जेवणाच्या दिवशी भर दुपारी पाऊस कोसळला. पंगत बसलेली. पुरणपोळी, आंबील, भाज्या सगळं वाढून झालेलं. मी तुपाची वाटी घेऊन वाकले तर पायाला गार लागलं. मागे वळून पाहिलं. फाटकातून पाणी आत येत होतं, रस्त्यावरचं, पानं आणि प्लास्टिक घेऊन, आणि येत होतं ते नेमकं मी काढलेल्या पावलांवरून. पावलं एकेक करून पुसत ते दिवाणखान्यात आलं. बायका साड्या सावरून उभ्या राहिल्या. ताटं तरंगली. तुमचे आजोबा पोछा घेऊन धावले, जणू दूध सांडलंय.

कुणीतरी म्हणालं, "देवींना वरच्या खोलीत न्या."

"हलवायच्या नाहीत," मी म्हटलं.

दोघी तशाच पाण्यात उभ्या राहिल्या. जरीच्या काठांतून गटाराचं पाणी वर चढत होतं आणि मी समोर स्टुलावर बसून ते बघत होते. मला रडू आलं नाही. मला एवढा राग आला होता की कान तापले होते. वकीलसाहेब त्यांच्या बाल्कनीत छत्री घेऊन उभे होते. "वहिनी, काही मदत?" त्यांनी विचारलं. उतरले मात्र नाहीत.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार करता येते. मी केली. दिवाणखान्यातल्या पाण्याचा फोटो जोडला. पाऊस थांबून ऊन पडल्यावर उत्तर आलं: तक्रार निकाली. सोबत आमच्या रस्त्याचा फोटो, चकचकीत कोरडा, आणि खाली वाक्य: 'पाहणी केली असता रस्त्यावर पाणी आढळून आले नाही.' कसं आढळेल? रस्त्यावरचं सगळं पाणी माझ्या घरात होतं. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा निकाली. झोन ऑफिसात गेले, तर तिथला साहेब म्हणाला, "ॲपवर टाका ना मॅडम, आता सगळं ऑनलाइन आहे." मी त्याला म्हटलं, "पाणी ऑनलाइन नाही आलं." तो मोबाइलकडे बघत राहिला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते.

आमच्या गल्लीने या संकटावर उपाय शोधला होता, महालक्ष्म्यांच्या आधीपासूनच. उपाय असा, की आपलं घर रस्त्याहून उंच करायचं. वकीलसाहेबांनी परप्रांतातून माणसं आणली, त्यांनी घराखाली जॅक लावले आणि अख्खं घर वर उचललं. बघायला गर्दी जमली होती. मीही गेले, खोटं कशाला बोलू. त्यांच्या शेजाऱ्यांनी अंगण भरून घेतलं. दुसऱ्यांनी फाटकाला सिमेंटचा उंबरा घातला. प्रत्येक जण आपल्यापुरता वर चढला, आणि प्रत्येकाच्या वाटचं पाणी जो चढला नाही त्याच्याकडे आलं. महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्याकडे एवढं पाणी का आलं, त्याचं निम्मं कारण तेच. रस्ता एकदाच उंच झाला. माणसं रोज होत होती.

तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, भराव टाकून घे, फ्लोअर उचलून घे. सगळे करतायत. मी बघतो खर्चाचं."

"आणि पाणी कुठे जाईल?"

"कुठेही जाईल. आपल्याकडे नाही येणार."

ते 'कुठेही' मला माहीत आहे. आमच्या घराच्या कडेने जो अरुंद बोळ आहे तो मागे उतरत जातो आणि सिस्टरच्या दारात संपतो. आमचं अंगण खोल आहे म्हणून पाणी आधी आमच्यात थांबतं. ते भराव टाकून भरलं, की पाणी बोळातून सरळ सिस्टरकडे.

सिस्टर म्हणजे मागच्या घरातल्या बाई. धंतोलीतल्या हॉस्पिटलांत नोकरी करून निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. तुमच्या बाबाच्या कपाळाला टाके पडले तेव्हा त्याला रिक्षात घालून नेणाऱ्या त्याच. त्यांचे मिस्टर आता खालच्या खोलीत पलंगावर असतात, ऑक्सिजनच्या मशीनवर. ते मशीन विजेवर चालतं, वीज गेली की इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर आहे. घर लहान, वर खोली नाही. पाणी त्या खोलीत शिरलं तर काय होईल, हे मी तुम्हाला लिहून सांगायला नको.

मी आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आपण काय गल्लीचं धरण आहोत?"

"सध्या आहोत."

"माझे गुडघे बघ. दर पावसाळ्यात मी सोफे उचलू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी नाही म्हटलं आणि मला वाटलं विषय संपला.

या वर्षी आषाढात मी सदर भागात बँकेच्या कामाला गेले होते. परत आले तर फाटकासमोर मुरुमाने भरलेला टिप्पर उभा. आजोबा ड्रायव्हरला जागा दाखवत होते. मला पाहून त्यांनी हात खाली घेतला.

"हे काय?"

"पोराने सांगितलंय. मी ऑर्डर दिली. आता तमाशा नको करू."

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आजी, मले काय, कुठी टाकू तेवढं सांगा. मागं दुसरी गाडी उभी हाय."

तेवढ्यात मला बोळाच्या टोकाला, मागच्या भिंतीपलीकडे सिस्टर दिसल्या. दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी टिप्पर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. राहिलेले कपडे तसेच ठेवून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी परत ने."

"अवो आजी, भाडं लागन ना."

"भाडं देते. ने."

"काहून परत नेता? चांगला मुरूम हाय, लाल."

"चांगलाच आहे. इथे नको."

आजोबा भर रस्त्यात म्हणाले, "तू मला सगळ्यांसमोर वेडा ठरवते आहेस." मी म्हटलं, "तुम्हाला हार घातला तेव्हापासून तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही, आता मी विचारते. सिस्टरच्या मिस्टरांना उचलून कुठे ठेवणार?" ते आत गेले. दोन्ही वेळा जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी मी सिस्टरकडे गेले. त्यांनी चहा टाकला, साखर नेहमीपेक्षा कमी.

"मॅडम, तुमी आज गाडी परत पाठवली," त्या म्हणाल्या. "उद्या साहेब दुसरी आणतील. तुमाले किती दिवस गेटवर बसता येईल?"

"जितके दिवस बसवेल तितके."

"मले तुमचे उपकार नको, बरं का. मी बॅटरी टेबलावर चढवून राहिली. मिस्टरचा पलंगही विटांवर घेते. पण माह्या दारात पाणी आणायचं ठरवलं तर आधी येऊन सांगायचं. मी भिंतीवरून बघून समजून घेणार नाही."

मी 'हो' म्हटलं. मला आणखी काही म्हणायचा हक्क नव्हता.

मग मी एक काम केलं, त्यावर तुमच्या बाबाने तासभर व्याख्यान दिलं. अंगणातल्या फरश्या काढून टाकल्या. त्या मीच हौसेने बसवल्या होत्या. खाली आपली काळी माती होती, दबून दगड झालेली. मजुरांनी ती खणून मोठा शोषखड्डा केला, विटांचे तुकडे आणि रेती भरली. कडुलिंबाच्या गळ्याभोवतीचं सिमेंटही मी फोडायला लावलं. कुणाची परवानगी घेतली नाही. तक्रार करायची तर ॲप आहे.

याने सगळं ठीक झालं असं तुम्हाला वाटलं असेल तर नाही झालं. मागच्या आठवड्यात दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस आला. खड्ड्याने प्यायचं तेवढं प्यालं आणि मग पाणी दिवाणखान्यात आलं, घोट्यापर्यंत. आजोबा सोफ्याचं एक टोक धरून उभे होते.

"बघ, आलं," ते म्हणाले.

"आलं," मी म्हटलं. "आपल्याकडेच आलं."

ते काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात सिस्टर बोळातून आल्या, साडी खोचून, हातात बादली. बोळ ओला होता, पण वाहत नव्हता. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी माणसासारखं विचारलं, "मशीन?"

"चालू हाय साहेब. सोफा सोडा, कंबर धरन."

मी काही त्यागमूर्ती नाही, मुलांनो, आणि तुम्ही मला तसं समजू नका. सोफा फुगला, कपाटाचं दार लागत नाही, आणि हे सगळं मी दात-ओठ खात केलं. पाणी माझ्या घरात जावं की सिस्टरच्या, हा प्रश्न माझ्यासमोर ठेवायचा अधिकार कुणाला होता? ज्यांनी रस्ता केला त्यांच्या घरी तो कुणीच विचारत नाही. आणि तुमच्या बाबाला, जो इतक्या दूर बसून 'कुठेही जाईल' म्हणतो, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. हे त्याला वाचून दाखवा.

पाणी वायपरने फाटकापर्यंत ढकलावं तर ते चढ न चढता परत आत यायचं. शेवटी आम्ही तिघं बादल्या भरभरून पायऱ्या चढून रस्त्यावर ओतायला लागलो. वकीलसाहेब बाल्कनीत आले.

"वहिनी," ते वरून म्हणाले, "रस्त्यावर नका ना टाकू. शेवाळ धरतं, माणसं घसरतील."

मी पुढची बादली त्यांच्या फाटकासमोर नेऊन ओतली.