रहिमतबींचा हात आणि शेवयांची दोरी

रहिमतबींची भिंत मी पुसली. चांगल्या हेतूनं पुसली, ओल्या फडक्यानं पुसली आणि इतकी लख्ख पुसली की दोन महिन्यांचा व्यायाम दोन मिनिटांत बेपत्ता झाला.

ईद चार दिवसांवर आली होती. वडूजला आमची भिंतीला भिंत, म्हणून आवराआवरीला हात लावायला गेलो. पडवीत खडूच्या रेघा दिसल्या, एकीवर एक. नातवंडांचा उद्योग, असं मीच ठरवून टाकलं.

"या अल्ला! आवं भाऊ, कुटवर आले हुते मी!" रहिमतबी दारातून ओरडल्या.

झालं होतं असं. त्यांच्या उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सांगलीला झालं, आता किमो चालू आहे. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, भिंतीशी उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची. दुखलं की थांबायचं. बोटं थांबली की त्यांचे शिंपी नवरे हुसेनभाई कापडावरच्या खडूनं रेघ मारत, गळ्यातली टेप लावत आणि "पाऊण इंच वाढलं," असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत. किमोनंतरचे चार दिवस अंगात त्राण नसे. तेव्हा खुर्चीत बसूनच पाय हलवायचे. समोर हुसेनभाई मशीनवर पाय मारत असत.

"माजा झंपर तरी शिवून हुतो. तुजं काय हुतंय?"

"भूक लागतीय. उठा, भाकरी थापा!"

आणि ते खरंच थापत. भाकरीचा आकार कॉलरसारखा येई, पण येई.

ही सगळी खटपट अंगणातल्या दोरीसाठी होती. आमच्या गल्लीत ईदला रहिमतबींच्या हातशेवया आल्या नाहीत असं एकही वर्ष नाही. यंदा शेवया वळायला पाटावर सून फिरदोस बसणार होती. पण शेवयांचा झुपका दोरीवर टाकायचा तो आपणच, असं त्यांनी जाहीर केलं होतं. डॉक्टरांनाही विचारून झालं होतं. हलकं उचलायला त्यांची ना नव्हती.

"माप गेलं की गं," हुसेनभाई पुसलेल्या भिंतीकडं बघत म्हणाले.

"जाऊ द्या. आता दोरीच रेघ."

दुसऱ्या दिवशी फिरदोसनं पहिला झुपका सासूच्या हातावर ठेवला. हात खांद्यापर्यंत गेला, कानापर्यंत गेला आणि दोरीच्या चार बोटं खाली थांबला. मी प्रायश्चित्त म्हणून गाठ सोडायला धावलो.

"दोरीला हात लावशीला तर बगा!"

त्यांनी हात खाली घेतला, भिंतीला टेकून दम खाल्ला. हुसेनभाईंनी टेप मुठीत घट्ट धरली होती. रहिमतबींनी पुन्हा हात उचलला. कान. डोकं. पांढरा झुपका दोरीवर पडला आणि वाऱ्यावर हलू लागला. फिरदोस ओरडली, हुसेनभाई डोळे पुसत टेप शोधू लागले, जी त्यांच्याच मुठीत होती. मला राहवेना. मी अगदी पुढं जाऊन उभा राहिलो.

"भाबी, कसं वाटतंय?"

"भाऊ, बाजूला सरा, शेवयांवर सावली पडतीय."