डबी आणि पेटारा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे मेस्त्री म्हणतात. मीही म्हणते. जावई म्हणून त्याचे लाड करायला मला कधी सवड नव्हती आणि करून घ्यायला त्याला नव्हती. विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो बॅटऱ्या दुरुस्त करायचा. कंपनीने एके वर्षी दोन मॉडेलं बंद केली, सगळ्यांत छोटं आणि सगळ्यांत मोठं. सुटे भाग येईनासे झाले. शहाण्या लोकांनी गाड्या विकून टाकल्या. ह्या गृहस्थाने दोन्हींतली एकेक घरी आणली.

छोटी ती डबी. दोन सीटा, आणि मागे एक पिशवी मावेल एवढी जागा. मोठा तो पेटारा. सात माणसं आरामात, चढ मुकाट चढणारा, पण वळायचं म्हटलं की अख्खी गल्ली अडवणारा. डबी माझ्या बहिणीची. ती नर्स होती. घरोघरी जाऊन जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. दोन स्कूटरींमधल्या फटीत ती डबी अशी घुसवायची की बघणाऱ्याने डोळे मिटावेत.

जेवताना दोघांची जुंपायचीच.

"एका चार्जिंगमध्ये पेटारा तुझ्या डबीच्या दुप्पट जातो."

"आणि त्यातला निम्मा, उभं राहायला जागा शोधण्यात संपतो."

"डबीत माणसाची कंबर मोडते."

"तुमची मोडते. ढेरी कमी करा."

"ताई, तुम्हीच सांगा आता."

"मी बसने जाते," मी म्हणायचे. "जेवा गपचूप."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऐन उन्हाळ्यात दवाखान्याच्या खेपा आणि मुक्काम सुरू झाले. त्यासाठी पेटाराच उपयोगाचा. मेस्त्रीने मधल्या सीटा काढून आत गादी बसवली. डबी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

ह्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना एकच गोष्ट दटावून सांगितली. गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर बॅटरी अर्धीच भरा. पोट तट्ट फुगवून उन्हाळ्यात ठेवलीत तर आतल्या आत मरेल. आणि हाच शहाणा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन डबीला वायर लावायचा, चार्जिंगचा काटा थेट टोकाला जाईपर्यंत. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"ती घरी आली की लगेच बसेल हो गाडीत," तो म्हणाला. "काटा अर्ध्यावर दिसला तर तिला वाटेल, ती येणार नाही असं मी धरूनच चाललो होतो."

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

ती आली. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. ती नर्स, तिला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. तिने एकच मागितलं.

"मला एकदा डबी चालवायची आहे. मी स्वतः. चौकाला वळसा घालून परत. त्या पेटाऱ्यात मी पेशंट असते हो. एकदा आपली आपण बाहेर पडू द्या मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला धरून डबीत बसवलं. काटा टोकाला होता. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली, आणि काटा एकदम खाली येऊन ती उभीच राहिली. मेस्त्री धावला. मीही, माझ्या गुडघ्यांनी धावू दिलं तेवढी. बहीण हसत होती.

"तुमच्यावरच गेली हो. नुसती दिसायला धट्टीकट्टी."

तो हसला नाही. मागून ढकलत त्याने गाडी घरी आणली. ही आत बसून स्टिअरिंग फिरवतेय आणि वर ओरडतेय, "अहो, सरळ ढकला ना!"

ती निजल्यावर तो शेडमध्ये जमिनीवरच बसला. "ताई, मीच मारली. रोज थोडी थोडी."

मला खोटा धीर देता येत नाही. "हो, मारलीत," मी म्हटलं. "आता काय करता येईल ते सांगा."

करता येण्यासारखं एकच होतं. पेटाऱ्याची बॅटरी फोडायची आणि तिच्यातले सेल डबीत बसवायचे. पण आकार वेगळे, जोडण्या वेगळ्या. सगळं नव्याने रचायला हवं. आणि पेटारा कायमचा संपणार.

"हिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

"आता कुठला दवाखाना, ताई?" तो म्हणाला. घरात हे मोठ्याने पहिल्यांदाच कुणी बोललं.

त्याने पेटारा फोडला. ती पलंगावरून हाक मारायची, "झालं का हो?" शेडमधून उत्तर यायचं, "होतंय!" तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटी शेडपर्यंत पोचेना, तेव्हा तो प्रश्न मीच घेऊन जायला लागले.

डबी तयार झाली तेव्हा तिला उशांच्या आधारानेही बसवत नव्हतं. तरी त्याने तिला उचललं. ती कण्हली. त्याने तिला परत ठेवलं.

"तुम्ही फिरवून आणा," ती म्हणाली. "मी बघते."

मी पलंग खिडकीशी ओढला आणि तिचं डोकं माझ्या दंडावर घेतलं. त्या गाडीला आवाज असा नव्हताच. ती गुपचूप फाटकातून निघाली आणि वळणाकडे गेली. चादरीखाली बहिणीचा पाय हलला.

"मेला वळण अर्धं झाल्यावर ब्रेक दाबतो," ती पुटपुटली. "आधी दाबायचा असतो."

डबी वळणाआड गेली. तो परत येईपर्यंत तिला झोप लागली होती. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. त्याच आठवड्यात गेली.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, तेव्हा त्याने मला विचारलं, "ताई, तिने बघितलं ना? काही म्हणाली?"

"म्हणाली, वळणावर तुमचा ब्रेक चुकतो."

त्याने मान डोलावली आणि शेडकडे गेला. चहा निवला तरी येईना, म्हणून मी बघायला गेले. तो डबीत बसला होता. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, गुडघे छातीशी, पट्टा लावून.

"मेस्त्री, चहा."

"येतो," तो म्हणाला. समोरच बघत होता.

मी शेडचं दार हलकेच ओढून घेतलं आणि घरात आले.