मागल्या आठवड्याचं पाणी

रविवारी सकाळी चाचांचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ओट्यापाशी सुरमईच्या तुकड्या पिशव्यांत भरत होते.

"पोरी, आज तिथ कोनती गो?"

चाचा म्हणजे आमचं मांडवीतलं गिऱ्हाईक. आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. आता गुडघे गेल्यामुळे घराची पायरीही उतरत नाहीत. ऐन गडबडीत यांना तिथी कशाला हवी, म्हणून मी चिडलेच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकली आणि ओल्या करंगळीने टाइप केलं, "द्वितीया."

लगेच दुसरा मेसेज. आवाज अगदी शांत.

"मंग पानी वर कसा?"

मी हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे गणित तोंडपाठ असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, म्हणजे सकाळी सात-साडेसातला पाणी पार खाली असायला हवं. मी सकाळी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओत मात्र ते धक्क्याच्या काठाला लागलेलं होतं. कारण तो व्हिडिओ त्या सकाळचा नव्हताच. आदल्या रविवारचा, दशमीचा होता; दशमीला भरती सकाळी साडेसातला.

नोकरी सुटल्यावर मी घरपोच मासळीचा धंदा सुरू केला. नवरा पहाटे जेटीवर लिलावात माल घ्यायचा, मी मासळीच्या पाटीसमोर उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढायची, ग्रुपवर टाकायची, ऑर्डरी घ्यायची. गिऱ्हाईक बहुतेक बदलीवर आलेलं, बँकेतलं, कॉलेजातलं, घाटावरचं. त्यांना बाजारात कल्ला उघडून मासळी पारखता येत नाही आणि फसायची भीती वाटते. त्यांच्यासाठी मी एक ओळ शोधली होती: आजची मासळी, आजचा व्हिडिओ. ती चालली. चाचा माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आपल्या आळीतली निम्मी घरं त्यांनीच माझ्याकडे पाठवली. 'हिच्याकडं खोटा नसतो,' असं सांगत म्हणे.

आणि त्या रविवारी बोटींना काही लागलंच नाही. थोडा बांगडा, बाकी चिल्लर. ग्रुपवर तर आदल्या दिवसापासून सुरमई, सुरमई चाललेलं. आमच्याकडे बर्फात सुरमई होती, दोन दिवसांची. चांगली होती, नासलेली नव्हती, मी स्वतः खाल्ली असती.

नवरा म्हणाला, "बर्फातली आहे म्हणून लिही की. कोण खातंय तुला?"

"मार्केटिंग तुम्ही मला शिकवू नका," मी म्हटलं. रोज मोबाइलवर धंदा कसा वाढवावा ते ऐकून मला शिंगं फुटली होती. गावात आणखी एकाने घरपोच सुरू केलेलं, तो फोटो झकास टाकायचा, त्याचीही धास्ती होतीच. मागच्या रविवारच्या व्हिडिओत सुरमया ओळीने चमकत होत्या. टाकला तो. पटापट ऑर्डरी आल्या. कोणाला कळतंय, असं मी नुसतं मनात नाही, तोंडानेही म्हटलं. नवरा स्कूटर पुसायला गेला.

आता चाचांना कळलं होतं. ते ग्रुपवर होते. त्यांनी तिथे एवढीच ओळ टाकली असती तरी माझं दुकान उठलं असतं. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. ग्रुप उघडून बघितला, कोणीतरी टाकलेलं गुड मॉर्निंगचं फूल तेवढं होतं. नवरा पिशव्या घेऊन निघाला होता. "थांबा," मी ओरडले, "एकही पिशवी हलवू नका." चाचांची पिशवी उचलली आणि त्याच्या हातातली किल्ली घेऊन मीच निघाले. मांडवीपर्यंत दर वळणावर वाटत होतं की खिशातला फोन वाजतोय. दोनदा थांबून बघितलं. वाजत नव्हता.

चाचा पडवीत खुर्चीवर बसले होते, फोन मांडीवर उपडा. मी पायरीवरच उभी राहिले. आत जायचा धीर होईना.

"चाचा, मासळी चांगली आहे. आईशपथ चांगली आहे."

"मासली वंगाल हाय असा मी बोललो?"

"ग्रुपवर काही..."

"नाय टाकलंय. टाकनार पन नाय. माझा काम नाय ता."

मला एकदम हलकं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे: त्या क्षणी मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता, फक्त सुटले असं वाटलं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

"सुनेला दे हवी तर. मला डॉक्टरानी मासली बंद केलीय. वर्स झाला."

मला समजेना. वर्षभर दर दोन दिवसांनी या माणसाची ऑर्डर होती, कधी चुकली नव्हती.

"मग घेता कशाला, चाचा?"

त्यांनी मांडीवरचा फोन उचलून दाखवला. मग म्हणाले, "फुकट कसा बघू? तू गिऱ्हाइकाला दाखवतेस ना? सकाली तुझा व्हिडिओ येतो, तवा मी बंदरात जाऊन येतो. पानी बघतो, बोटी बघतो, कोन आला, कोन नाय आला. माझा चालना-फिरना आता हितंच बसून." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आज तू मला मागल्या आठवड्याचा पानी दाखवलास."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत आणि प्रत्येकाला उलट उत्तर दिलेलं आहे. तिथे मी फक्त पुढे केलेली पिशवी मागे घेतली. रडू येत होतं आणि रडले तर तेही नाटक वाटेल, म्हणून खिशातून फोन काढला.

मग त्यांच्या पायरीवर बसून मी ग्रुपवर लिहिलं. 'सकाळचा व्हिडिओ आजचा नाही, मागच्या रविवारचा आहे. सुरमई दोन दिवस बर्फातली आहे. मी खोटं बोलले. ज्यांना नको असेल त्यांनी सांगा, ज्यांना हवी त्यांना पोचेल.' 'काही कारणास्तव' असं आधी लिहिलं होतं, ते पुसलं. आणि पाठवलं.

फोन वाजायला लागला. एका बाईंनी लिहिलं, याआधी किती वेळा केलंत? बँकेतले एक साहेब ग्रुपमधून बाहेर पडले, त्यांच्यामागे आणखी तिघं. 'कधीच नाही' हे मी लिहिलं, पण त्यावर कोणी विश्वास का ठेवावा? काहींनी लिहिलं, पाठवा, चालेल. निम्म्याहून जास्त नको म्हणाले. चाचांनी चष्मा लावून माझा मेसेज वाचला, फोन पुन्हा उपडा ठेवला आणि सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. पिशवी मी परत घेऊन आले. त्या दिवशी आमच्या घरी आणि शेजारी सगळीकडे सुरमईच होती.

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिडिओ वेगळा काढायला लागले. आधी तिथी सांगायची, मग बंदर दाखवायचं, पाटी शेवटी. नवरा म्हणाला, लोकांना मासळी हवी असते, तू बंदर काय दाखवतेस? बघू दे, म्हटलं. ग्रुप ओस पडल्यागत झाला होता. चाचा व्हिडिओ बघत होते, तेवढं कळत होतं. ऑर्डर नाही, उत्तर नाही. असे पाच दिवस गेले. रोज सकाळी व्हिडिओ टाकला की मी फोन हातात धरून उभी, समोर लिलाव चाललेला, आणि माझं लक्ष कशातच नाही.

सहाव्या दिवशी व्हिडिओ टाकण्याआधीच फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर चाचांचं कपाळ आणि अर्धा चष्मा.

"जेटीवर हाईस ना?"

"हो, चाचा."

"जरा डावीकडं फिरव. हां, हलू हलू. ती निली बोट कुनाची? नवीन दिसतेय."

मला माहीत नव्हतं. धावत जाऊन विचारलं, बोटीवरच्या माणसांना हाका मारल्या, जाळं कुठलं, इंजिन कुठलं, सगळं. चाचा प्रश्नावर प्रश्न विचारत होते. हात भरून आला तरी मी फोन खाली केला नाही. आम्ही हेरलेला पाटीतला माल लिलावात दुसऱ्याने उचलला आणि नवरा लांबून खुणा करत होता.

त्या दिवशीही चाचांनी ऑर्डर दिली नाही. मीही विचारली नाही.