दोन खणांमधली पट्टी

कोऱ्या खणाला वास असतो. खळीचा, रेशमाचा, आणि तो ओटीतून आला असेल तर तांदळाचा आणि कुंकवाचाही. बेंगळुरूतल्या जानेवारीत, ऊन वर आले तरी सिल्व्हर ओकच्या पानांवरचा ओलावा हटत नाही अशा एका सकाळी, मी ट्रंकेतून आईने दिलेला खण काढला तेव्हा तो वास खोलीभर पसरला, आणि मी सवयीने आधी फूटपट्टी शोधली.

बाळांनो, तुमच्याकडे ओटी भरत नसतील. माहेराहून निघालेल्या मुलीच्या पदरात आई तांदूळ, नारळ आणि चोळीचे कापड घालते. ती ओटी, आणि ते कापड म्हणजे खण. काळसर निळ्या अंगाचा, लाल काठाचा हा खण आईने बेळगावच्या घरी माझ्या पदरात घातला, त्यानंतर पुन्हा ओटी भरायला आई राहिली नाही. त्यावर तिच्या बोटाचा कुंकवाचा डाग होता. चोळी शिवायचे धैर्य मला कधी झाले नाही.

तुमच्या आजोबांच्या कारखान्याच्या वसाहतीत तेव्हा साऱ्या देशातून माणसे येऊन राहिली होती. प्रजासत्ताक दिनासाठी आम्हा बायकांच्या मंडळाने एक गोधडी करायचे ठरवले. प्रत्येकीने आपापल्या राज्याच्या कापडाचा चौकोन आणायचा, सारे चौकोन नकाशाच्या क्रमाने मांडायचे आणि दोन राज्यांमध्ये काळी पट्टी जोडायची. आराखडा माझा होता, कारण मी इंग्रजी कॉलेजात शिकलेली आणि माझ्या रेघा सरळ येत. चौकोन नऊ इंची हवा, हे मी प्रत्येकीला दारी जाऊन सांगितले. पंजाबी बाईंची फुलकारी इतकी जाड आली की सुई वाकली. गुजराती बाईंनी आरसे काठाला आणून टाचले, तिथे शिवण मारायलाच जागा नाही. बंगाली बाईंचे जुन्या साडीचे मऊसूत कापड धरले तेवढे ताणले जाई. नऊ इंच एकीचेही नव्हते. मी चिडून पुन्हा पुन्हा कडा कापत होते, आणि ज्या नकाशावर माझा सारा भरवसा, तोही कुठे जागेवर थांबत होता? माझ्या शाळेच्या ॲटलासात बेळगाव मुंबई इलाख्यात होते. मग एके दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले. आमच्या अंगणातली तुळससुद्धा हलली नव्हती. नंतर महाराष्ट्र झाला, तो आमच्या गावाच्या अलीकडे थांबला. पण मी घरी मराठी बोलते, मराठी वाचते. तेव्हा महाराष्ट्राचा चौकोन माझा, यात मला शंका नव्हती. पुढे पाणी लागून कापड आटू नये म्हणून मी तो खण आधी धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि नेमका नऊ इंच कापला. कुंकवाचा डाग त्या धुण्यात गेला. नीटनेटकेपणाची एवढी किंमत असेल, हे तेव्हा लक्षात आले नाही.

आमच्या शेजारी शांतक्का राहत. गुळेदगुड्डच्या, विणकरांच्या गावच्या. सोलापूरच्या मावशीकडे राहून मराठी शिकलेल्या. म्हैसूर राज्याचा चौकोन त्यांच्याकडे होता. त्यांनी तो माझ्यासमोर उलगडला आणि मी पाहतच राहिले. तेच काळसर निळे अंग, तोच लाल काठ, तीच बारीक वेलबुट्टी.

"हा तर आमचा खण," मी म्हटले.

"तुमचा कसा हो अक्का? आमच्या गल्लीत विणतात. तुम्ही नेसता, आम्ही विणतो, एवढंच."

"खण कुणी नेसत नाही, शांतक्का."

"तेच म्हणते मी. तुम्हाला घालायचं माहीत, आम्हाला करायचं." आणि त्या हसल्या. "उडी तुंबायला आईनं दिलेला आहे माझ्या." त्यांच्या कन्नडात ओटीला उडी म्हणतात, आणि भरण्याला तुंबणे.

एकसारखे दोन चौकोन चालणार नाहीत, असे मंडळाचे म्हणणे पडले. मी पैठणी आणावी, असे शांतक्कांनी सुचवले. मी पैठण पाहिलेदेखील नव्हते. त्यांनी म्हैसूरचे रेशीम आणावे, असे मी म्हटले, तर म्हणाल्या, "म्हैसूर मी एकदा दसऱ्याला पाहिलं, गर्दीत चप्पल हरवून आले." आजोबांना विचारले, तर वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "दोन्ही लावा की. नकाशातही शेजारीच आहेत." इतका राग मला त्यांचा क्वचितच आला असेल. आईच्या ओटीतला खण परक्या राज्याचा आहे, असे कुणी सांगत होते, आणि घरात त्याचे कुणाला काही नव्हते.

शेवटी दोन्ही लागले, कारण दोघींनीही माघार घेतली नाही. त्यांच्या मधली पट्टी मीच जोडायला घेतली. शांतक्का समोर बसून दुसरे टोक धरून होत्या. तलावाकडून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या शेतांचा वास होता. पट्टीला चुण्या पडल्या. उसवली. पुन्हा जोडली, पुन्हा चुण्या. खणाच्या कडा पिंजल्या. "स्वल्प सैल सोडा, अक्का," त्या म्हणत, आणि मी आणखी ताठ ओढत होते. पुन्हा उसवताना दोन्ही चौकोन सुटून मांडीवर पडले. उचलून जोडायला घेतले आणि हात थांबला. कुठला माझा, वरच्या महाराष्ट्राचा, आणि कुठला त्यांचा, खालच्या म्हैसूरचा, हे मला सांगता येईना. मी शांतक्कांकडे पाहिले. त्याही खणांकडेच पाहत होत्या.

"इरली बिडु, अक्का," त्या म्हणाल्या. असू दे, जाऊ दे. आणि त्यांनी एक चौकोन माझ्या हातात दिला.

सभागृहात गोधडी टांगली तेव्हा एका पाहुण्याने विचारले, हे दोन तुकडे एकाच कापडाचे का? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नाही."

मंडळ मोडले तेव्हा गोधडी माझ्याकडे आली. आता ती तुम्हाला पाठवायची म्हणून काल उन्हात टाकली. फुलकारी विटली आहे, आरसे गळले आहेत, ती एक पट्टी अजून चुणलेलीच आहे. पाठवण्याआधी निदान तेवढी सरळ करावी म्हणून मी सुई-कात्री घेऊन बसले, पहिला टाका उसवला आणि दोन्ही खणांवरून हात फिरवला. दोन्ही सारखेच झिजलेले, सारखेच मऊ. नाकाशी धरून पाहिले, तर दोन्हींना उन्हाचाच वास. आईची ओटी वरच्या राज्यात आहे की खालच्या, याचा इतकी वर्षे मनातल्या मनात केलेला हिशेब काही जमला नाही, आणि त्याचा त्रागा अजून होतो. ऊन उतरेपर्यंत तशीच बसले. मग उसवलेला तो एक टाका परत घातला. या वेळी थोडा सैल.