नीलवणच्या इंदूताई

इंदूताईंच्या घरी कुणी कामाला हात लावला की त्या हातातलं सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारायच्या, "स्वतःहून, की सांगितलं म्हणून?"

मला तो प्रश्न पहिल्याच दिवशी भेटला. बॉबलिंगेनमधल्या त्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाला दहाबारा मराठी माणसं जमली होती. मी जर्मनीत शिक्षण संपवून झिंडेलफिंगेनला एका लहानशा अभियांत्रिकी कंपनीत नुकताच लागलो होतो. कुणाला ओळखत नव्हतो. खाणं संपताच मी सवयीने उठलो आणि सगळ्यांच्या बशा गोळा करायला लागलो. इंदूताईंनी त्या ढिगाची दुसरी बाजू धरली आणि तो प्रश्न विचारला.

"कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे स्वतःहून?"

बशा आम्हा दोघांच्या हातात तशाच राहिल्या.

"उत्तर सापडेपर्यंत बसा," त्या म्हणाल्या. "बशा कुठे पळून जात नाहीत."

मी बसलो. त्यांचे जर्मन यजमान, हेल्मुटकाका, शांतपणे उठून बशा घेऊन गेले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस माझी उष्टी बशी उचलतो आहे आणि मी बसून बघतो आहे, असं माझ्या आयुष्यात तोवर घडलं नव्हतं.

माझे वडील, आप्पा, आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई होते. घंटा वाजली की उठायचं, आणि साहेबांची घंटा वाजायच्या आत उठलं तर अधिक चांगलं, हे आमच्या घरचं वळण. त्या वळणावरच मी शिकलो. शिक्षकांनी पुस्तकं दिली, संस्थेने वसतिगृह दिलं, आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. ज्यांनी ज्यांनी केलं त्यांच्यापुढे आजही माझी मान आपोआप खाली जाते. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही.

इंदूताई एकविसाव्या वर्षी नर्स म्हणून जर्मनीत आल्या. निवृत्त झाल्यावर चर्चच्या सभागृहातली एक खोली मागून घेतली आणि दर शनिवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग सुरू केला. मी मदतीला जाऊ लागलो. मुलं आठ. त्यांना मराठी समजायचं, पण तोंडातून जर्मन यायचं. त्यांनी मराठीत बोलावं म्हणून इंदूताईंनी एक देश रचला होता. त्याचं नाव नीलवण. भिंतीला लावायच्या कागदाच्या उरलेल्या गुंडाळीच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला होता: निळ्या झाडांचं अरण्य, उलटी वाहणारी नदी, बोलक्या दगडांचा घाट. दर शनिवारी तो नकाशा जमिनीवर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार मुलांचे बूट ठेवायचे, आणि गोष्ट पुढे सरकायची.

नीलवणच्या राजाने एके दिवशी दवंडी पिटली, की आजपासून राज्यात कुणी गुलाम नाही. सगळे राज्याचे भागीदार. राज्य मागे पडलं आहे, ते पुढे न्यायचं आहे, म्हणून ही सुधारणा. मुकादमांना यापुढे मार्गदर्शक म्हणायचं. खाणीत उतरण्याला सहभाग म्हणायचं. "तुमचे हात हे राज्याचं भांडवल आहे," राजा म्हणाला, "आणि भांडवल घरी बसून राहिलं तर देश कसा चालायचा?" प्रत्येक दाराला एक पितळी पाटी लागली. पाटी लागली की त्या घरातल्यांनी सूर्य उगवताना खाणीवर हजर व्हायचं.

"दास इस्ट केरवोखे," नऊ वर्षांची मीरा म्हणाली. सगळी मुलं हसली. आम्ही राहतो त्या श्वाबिया भागात इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे येते, तिला केरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते.

"गेनाऊ, अगदी बरोबर," इंदूताई म्हणाल्या. "पण मराठीत सांग."

"ही केरवोखे आहे."

"आहे खरी. फरक एवढाच, की आपल्याकडे रविवारी ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला जाते. नीलवणात ती कधीच दुसऱ्या दाराला जात नाही."

मग मीराने जर्मनमध्ये विचारलं, की मग ती माणसं सरळ नाही का म्हणत नाहीत.

"कारण त्यांना कुणी हुकूमच देत नाही. रोज पहाटे राजाचा कारकून दारात येतो, नमस्कार करतो आणि विचारतो, स्वखुशीने येताय ना? त्याच्या कागदावर एकच शब्द लिहिलेला असतो, हो. त्याखाली अंगठा करायचा."

"हे कसं विचारणं?" मीरा म्हणाली. तेही मराठीत.

"दाखवते." इंदूताईंनी खोलीकडे हात केला. वर्ग संपला की खुर्च्या दहादहांच्या चळतीत लावून ठेवायच्या, असा तिथल्या हाउसमाइस्टरचा, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याचा, नियम होता. "मुलांनो, आज सगळ्यांच्या खुर्च्या एकट्याने लावायच्या आहेत. स्वखुशीने कोण लावतंय?"

"नाही," एक मुलगा म्हणाला.

"नाही." "नाईन." "मी पण नाही. सगळ्यांनी मिळून लावू."

आठही मुलांनी कसलाही संकोच न करता नाही म्हटलं. मी मागे उभा होतो. माझ्या हातात तोवर दोन खुर्च्या होत्या.

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं. "घ्या. नीलवणचा पहिला नागरिक सापडला."

मुलं लोळून हसली. मीही हसलो. त्या दिवसापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या.

परत जाताना मी त्यांना विचारलं, "ताई, हे सगळं सुचतं कुठून?"

"सुचायचं काय त्यात? झाडं निळी केली आणि नदी उलटी. बाकी सगळं आमच्या गावचं." मग चालता चालता सांगितलं. त्यांचं गाव एका लहान संस्थानात होतं. अंमलदार आला की त्यांच्या घराण्याने त्याचं सामान या शिवेपासून त्या शिवेपर्यंत वाहायचं. पुढे संस्थानाने सुधारणा केली, वेठ बंद झाली असं जाहीर केलं. सामान तेवढंच राहिलं. फक्त शिवेवर एक कागद पुढे यायचा, त्यावर लिहिलेलं असायचं की अमुक इसम स्वखुशीने आला. "माझ्या वडलांना वाचता येत नव्हतं. ते म्हणायचे, अंगठा केला की साहेब चांगलं बोलतात."

स्टेशनवर एस-बानची लोकल आली.

गोष्टीत चंद्रा नावाची एक कुंभारीण होती. एका पहाटे कारकून तिच्या दारात आला, विचारलं, आणि चंद्रा गप्प राहिली. तिथे गोष्ट थांबली. पुढच्या शनिवारी इंदूताईंनी चंद्राच्या चाकाचं वर्णन केलं, त्याच्या पुढच्या शनिवारी तिच्या मांजराचं. कारकून दारातच उभा.

"अजून दारातच?" मीरा वैतागून म्हणाली. "त्याचे पाय दुखतील."

"दुखू देत," इंदूताई म्हणाल्या. पण मला त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा दिसली नाही.

त्या हिवाळ्यात त्यांच्या आजाराचं कळलं. नर्स असल्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट त्याच डॉक्टरांना धीर द्यायच्या, असं हेल्मुटकाका म्हणायचे. एका दुपारी मी भेटायला गेलो. त्या खिडकीशी पांघरूण घेऊन बसल्या होत्या.

"माझ्यानंतर वर्ग घेशील?"

"हो ताई." त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

त्यांनी मान हलवली. "हे नको. तुझं हो मला चालत नाही, सोमनाथ. तू मला हो म्हणतोस, साहेबाला हो म्हणतोस, रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्यालाही हो म्हणून त्याच्याबरोबर दोन स्टेशनं जातोस. मुलांना असा मास्तर नको. आधी मला कुठूनतरी एक नाही आणून दे. मग मी विचारीन."

"कुणाला म्हणू नाही?"

"ते मी सांगितलं तर पुन्हा सांगितलं म्हणूनच होईल ना रे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मलाही ते हवंय. चंद्रा काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात कुणाला नाही म्हणताना मी पाहिलेलंच नाही. मीसुद्धा म्हटलं नाही. मी नुसती विमानात बसले."

वसंतात आप्पांची निवृत्ती होती. शाळेने निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं: "जमलं तर ये." माझी रजा मंजूर झाली होती. निघायच्या आधी चार दिवस आमचे प्रमुख मिलिंदसर माझ्या टेबलाशी आले. त्यांनीच मला ही नोकरी दिली होती, घर मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. त्यांच्याविषयी मी कधी वाईट बोलणार नाही.

"सोमनाथ, तू घरचा माणूस. चाचणी ठरल्यापेक्षा आधी आलीय. तुझी रजा जरा ढकलूया का? तुझी हरकत नसेल तर हं. तू स्वतःच ठरव."

हो ओठांवर आलं होतं. त्याच वेळी मला तो कारकून दिसला, नमस्कार करून दारात उभा.

"नाही सर," मी म्हणालो. "मला जायचंय."

सर थांबले. "बरं," म्हणाले. "मग आंद्रेआसला विचारतो." आणि गेले.

संध्याकाळी मी थेट बॉबलिंगेन गाठलं. इंदूताईंनी उठून बसायचा प्रयत्न केला आणि प्रश्नांची सरबत्तीच लावली. बसून म्हटलंस की उभं राहून? हात कुठे होते? आवाज फुटला? मग ते काय म्हणाले?

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच असतं तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "जा, वडलांना भेट. वर्गाचं आत्ता विचारत नाही, तू आनंदात आहेस, आनंदात माणूस कशालाही हो म्हणतो. दोन आठवडे विचार कर. आलास की विचारीन."

शाळेत आप्पांना मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची दिली होती. गळ्यात हार. चहाची किटली आत आली तसे आप्पा हारासकट उठले, कप वाटायला. मी त्यांचा हात धरला. "बसा आप्पा." ते बसले, पण चहा सगळ्यांना मिळेपर्यंत खुर्चीच्या काठावरच होते. त्याच रात्री ताईंना हे सांगायचं असं मी मनात ठरवलं होतं. मग म्हटलं, फोनवर नको, समोर बसून सांगू.

परतीला तीन दिवस उरले असताना हेल्मुटकाकांचा निरोप आला.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकांनी नकाशाची गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नाही तो. "नाईन," ते म्हणाले, "शेवटचे दोन दिवस ती फक्त झोपून होती." मग त्यांना येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांतला एक काढून म्हणाले, "चहा?"

शनिवारी मी गुंडाळी घेऊन सभागृहात गेलो. मुलं बाहेरच्या पायरीवर बसली होती. मीराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंदूआजीने तुला यायला सांगितलं?"

"नाही."

"मग?"

"असाच आलो. स्वतःहून."

तिने ते मान्य केल्यासारखी मान हलवली, आत आली, नकाशा पसरला आणि स्वतःचा बूट काढून कोपऱ्यावर ठेवला. "तू नव्हतास ना त्या शनिवारी. आजीने फोनवरून सांगितली गोष्ट. चंद्रा नाही म्हणाली."

"मग?"

"मग त्या माणसाला काय लिहायचं ते कळलंच नाही. कागदावर फक्त हो होतं. तो पायरीवर बसला. चंद्राने त्याला पाणी दिलं." मीरा हे सगळं मराठीत सांगत होती, शब्द शोधत, थांबत. "तो म्हणाला, मला पण कधी कुणी विचारलं नाही."

"आणि पुढे?"

"पुढे आजी दमली."

मी नकाशावर वाकलो. निळ्या झाडांच्या मागे, इतके शनिवार माझ्या लक्षात न आलेलं, पेन्सिलने काढलेलं एक लहान दार होतं.

आता वर्ग मी घेतो. मुलं खुर्च्या लावतात, मीही लावतो. दहादहांच्या चळती पुऱ्या झाल्या की दिवा मालवण्याआधी मी थोडा वेळ दाराशी उभा राहतो. माझं हो तयार आहे, चांगला विचार करून ठेवलेलं. आप्पांच्या चहाची हकिगतही सांगायची राहिली आहे. विचारायचं ताईंनी कबूल केलं होतं.